जिप्सम सीलिंगच्या जोडावर दर उन्हाळ्यात तीच भेग येते? आधी कारण शोधा, मग पुट्टी भरा

दिवाळीआधी रंगारी येतो, सीलिंगच्या भेगेत पुट्टी भरतो, घासतो, रंगाचे दोन हात मारून जातो. छत एकसंध दिसतं. मग होळी उलटते, उन्हं तापायला लागतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येईपर्यंत हॉलच्या छतावर तीच सरळ रेघ, त्याच जागी परत उमटलेली असते. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, कुठंही जा, जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग असलेल्या घरात ही तक्रार ऐकू येतेच. लोक म्हणतात माल हलका होता. बहुतेक वेळा माल ठीक असतो, जोड नीट बांधलेला नसतो.

पुट्टीने भेग झाकली जाते, थांबत नाही. दोन बोर्डांच्या कडा एकमेकींपासून हलतायत, म्हणून तिथं तडा जातो. ते हलणं कुठून येतंय ते शोधायचं, जुनं भरण खरवडून काढायचं आणि पेपर टेप लावून जोड नव्याने बांधायचा. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यालाही हे जमतं. कसब कमी लागतं, दम जास्त लागतो. थर वाळायच्या आत दुसरा थर मारला की सगळं वाया जातं.

भेग कुठे आहे आणि कशी आहे

जिप्सम बोर्ड बहुतेक ६ फूट बाय ४ फुटांचा आणि १२.५ मिमी जाडीचा असतो. त्यामुळे पट्टी धरल्यासारखी सरळ भेग असेल आणि भिंतीपासून ४ किंवा ६ फुटांच्या हिशोबात बसत असेल, तर ती बोर्डाच्या जोडावरचीच. या लेखात मुख्यतः तिच्याबद्दल लिहितोय, कारण परत परत येणारी हीच.

भिंत आणि सीलिंग मिळतात त्या कोपऱ्यात खोलीभर फिरणारी बारीक रेघ वेगळी. नऊ-नऊ इंचांवर नाण्याएवढे गोल उठलेले दिसतात ते स्क्रूचे. हॉल आणि डायनिंग मिळून इंग्रजी एलच्या आकाराची खोली असेल आणि आतल्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघत असेल, तर तिथं दोन बाजूंचा ताण एकाच ठिकाणी येतोय. आणि पिवळट डाग, त्याची कड तपकिरी, म्हणजे पाणी. तो रोगच वेगळा आहे, शेवटी सांगतो.

आता एक सोपी परीक्षा. घोडीवर चढा, भेगेच्या एका बाजूला तळहात टेकवून बोर्ड हळूच वर दाबा. मग दुसऱ्या बाजूला तसंच करा. दोन्ही कडा एकत्र हलल्या किंवा अजिबात हलल्या नाहीत तर सांगाडा ठीक आहे, फक्त जोडाचं भरण गेलंय. एकच कड वर जात असेल तर तिथं बोर्डाला आधार नाही किंवा स्क्रू सुटलेत. त्याच वेळी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत भेग खुणेच्या पुढे गेली तर हालचाल अजून चालू आहे.

दुसरं हत्यार म्हणजे चुंबक. जुन्या स्पीकरमधला किंवा फ्रिजवर चिकटवतात तसला एखादा ताकदीचा चुंबक रुमालात गुंडाळून सीलिंगवरून फिरवा. जिथं धरेल तिथं स्क्रू किंवा लोखंडी सेक्शन, म्हणजे बोर्ड ज्याला स्क्रूने बसवतात ती सांगाड्याची पट्टी, आहे. दर ठिकाणी पेन्सिलीने टिंब द्या. थोड्या वेळात छतावर टिंबांच्या ओळी दिसू लागतात आणि वरचा न दिसणारा सांगाडा कुठून कुठं जातो ते कळतं. नीट केलेल्या कामात सेक्शन साधारण दीड-दीड फुटावर असतात आणि त्यावर स्क्रू नऊ-नऊ इंचांवर.

अमळनेरला एका नानांच्या हॉलमध्ये हे करून पाहिलं होतं. नाना खालून सांगत होते, "भाऊ, दर साल भरतस नि दर साल फुटस." भेग पंख्याच्या बाजूने आडवी गेलेली. तळहाताने दाबलं तर अलीकडची कड चांगली दोन मिलिमीटर वर गेली, पलीकडची जागची हलली नाही, आणि पांढरी पूड मनगटावरून खाली सांडली. चुंबक फिरवला तर पलीकडे स्क्रूची ओळ सापडली, अलीकडे काहीच नाही. दोन बोर्डांच्या आखूड कडा जिथं मिळतात तिथं वर सेक्शन यायलाच हवा, तो हातभर दूर होता. एक बोर्ड धरलेला, दुसरा अधांतरी. भेग खरवडली तर आत टेपचा पत्ता नव्हता, नुसतं पीओपी आणि त्यावर पुट्टीचे वर्षानुवर्षांचे थर. तिथं कितीही महागाची पुट्टी भरली असती तरी तडा जाणारच होता.

आपल्याकडे हे जास्त का होतं

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. गच्चीवरचा उघडा स्लॅब हवेपेक्षाही जास्त तापतो. काँक्रीटचा एक मीटर तुकडा दर अंशाला साधारण शतांश मिलिमीटर वाढतो. २० फुटांची, म्हणजे सुमारे ६ मीटरची खोली धरा आणि थंडीतली पहाट ते उन्हाळ्यातली दुपार असा स्लॅबमधला ३० अंशांचा फरक धरा, तर स्लॅब जवळपास २ मिमी सरकतो. सीलिंगचा सगळा सांगाडा त्याच स्लॅबला टांगलेला. शिवाय स्लॅब आणि बोर्ड यांच्यामधली हवा कोंडून तापते, बोर्डातली आर्द्रता उडते आणि कोरड्या हवेत बोर्ड किंचित आक्रसतो. दोन्हींचा ताण सगळ्यात कमजोर जागी येतो, ती जागा म्हणजे जोड.

मग खिडकीत कूलर लागतो आणि त्या खोलीत दमट हवा. पुढे पावसाळा. भेग थोडी मिटल्यासारखी वाटते. दिवाळीच्या घाईत, स्लॅबमध्ये पावसाची ओल असताना आणि जोड दबलेला असताना आपण ती भरतो. उन्हाळ्यात जोड परत उघडायला बघतो, आतलं ठिसूळ भरण तेवढं ताणलं जात नाही आणि तुटतं. उलट भर मेमध्ये, भेग पूर्ण उघडलेली असताना ठासून भरलं, तर पावसाळ्यात तीच जागा दबून वरंब्यासारखी फुगून येते. म्हणून हे काम दिवाळी उलटल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करावं. हवा कोरडी पण झोंबरी नसते आणि थर हळूहळू वाळतो. दिवाळीला घर नवं दिसावं असं वाटतंच, पण हा एक जोड तेवढा मागे ठेवा.

गच्चीवर उन्हाळ्याआधी चुन्याचा किंवा पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचा हात मारला की स्लॅब कमी तापतो. खोली गार राहते हा फायदा सगळ्यांना माहीत आहे, सीलिंगच्या जोडांवरचा ताणही कमी होतो.

जोड उघडणं

आधी मेन स्विच बंद. सीलिंगच्या वर वायरी मोकळ्या पसरलेल्या असतात आणि कटरचं पातं नेमकं कुठं जाईल सांगता येत नाही. डोळ्यांवर गॉगल, नाकाला मास्क, जमिनीवर जुनी चादर. खाली घोडी धरायला एक माणूस हवाच.

भेगेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांपर्यंतचा जुना रंग आणि पुट्टी कटरने आणि पत्र्याने (पुट्टी लावायच्या पातीने) खरवडून काढा, बोर्डाचा कागद दिसेपर्यंत. कागदाला जपा. जिप्सम बोर्डाची बरीचशी ताकद त्या कागदात आहे, तो फाटला की आतला जिप्सम नुसता खडूसारखा भुगा. कुठं फाटलाच आणि आतला तपकिरी पदर वर आला, तर सुटलेल्या कडा कापून टाका आणि त्यावर प्रायमरचा एक हात मारून वाळू द्या. नाहीतर कंपाउंडमुळे, म्हणजे नंतर जोडात भरायच्या ओल्या लेपामुळे, तिथं फुगे येतात. जुनी टेप सापडली आणि ती सुटली असेल तर पूर्ण काढा. अर्धी ठेवून पुढं जोडली तर जिथं जुनी संपते तिथंच भेग येते. शेवटी कटर तिरका धरून जोडाच्या दोन्ही कडा किंचित छाटा, व्हीच्या आकाराची खाच पडेल एवढ्याच.

आता स्क्रू. सैल स्क्रू नुसता परत आवळू नका. त्याच्या शेजारी दीड इंचावर २५ मिमीचा काळा ड्रायवॉल स्क्रू मारा, बोर्ड सेक्शनला घट्ट बसला की जुना काढून टाका. स्क्रू बोर्डाच्या कडेपासून १० मिमी, कापलेल्या कडेपासून १५ मिमी आत हवा. डोकं कागदाच्या किंचित खाली, पण कागद न फाडता. कागद फोडून आत गेलेला स्क्रू काहीच धरत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. ड्रिल मशीन जोरात चालवण्यापेक्षा शेवटचे दोन फेरे हाताने पेचकसाने द्यावेत, हे माझं ठाम मत आहे.

नानांच्या हॉलसारखी अधांतरी कड निघाली तर मागून आधार द्यावा लागतो. जोडाच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच कापून सहा इंच रुंदीची पट्टी खाली काढा. हार्डवेअरच्या दुकानातून सीलिंग सेक्शन आणून त्याचे फूटभर लांबीचे तुकडे पाडा. ते त्या फटीतून आत सरकवून जोडाला आडवे ठेवा, नऊ-नऊ इंचांवर एक, दोन्हीकडच्या बोर्डांच्या पाठीला टेकतील असे, आणि खालून दोन्ही बाजूंना स्क्रू मारा. मग त्याच मापाची नवीन बोर्डाची पट्टी त्या तुकड्यांवर स्क्रूने बसवा. आता एकाच्या जागी दोन जोड झाले, पण दोन्ही धरलेले.

पंखा तपासायला विसरू नका. पंख्याचा दांडा थेट स्लॅबच्या हुकाला हवा आणि बोर्डातलं भोक दांड्यापेक्षा मोकळं. दांडा किंवा वाटी बोर्डाला घासत असेल तर पंखा चालू असेपर्यंत ती थरथर जोडापर्यंत जाते. उन्हाळ्यात आपले पंखे रात्रंदिवस चालतात.

टेप आणि कंपाउंड

इथे बरेच जण घसरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पीओपी जोडात भरू नका. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की पीओपी होतं. त्यात पाणी घातलं की ते थोड्याच वेळात दगड होतं. साचे आणि कॉर्निसला ते उत्तम. हलत्या जोडावर मात्र तोच कडकपणा नडतो. व्हाइट सिमेंटची पुट्टी सिमेंटच्या प्लास्टरसाठी असते. कागदावर तिची पकड चांगली नाही आणि घासायलाही ती फार कडक. जिप्सम बोर्डासाठी मिळणारं जॉइंटिंग कंपाउंड घ्या. नवशिक्याने तयार बादलीतलंच घ्यावं, पाण्याचं प्रमाण चुकायचा प्रश्न राहत नाही.

टेप दोन प्रकारची दुकानात मिळते. जाळीची टेप चिकट असते, लावायला सोपी, म्हणून कारागीर तीच देतात. पण ती ताणली जाते. छताच्या जोडाला कागदी टेप घ्या, साधारण दोन इंच रुंद, मधोमध घडीची रेघ असलेली. कागद ताणला जात नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

काम सुरू करताना खिडक्या लावा, पंखा आणि कूलर बंद ठेवा. कोरड्या वाऱ्यात कंपाउंड टेप बसायच्या आतच साय धरतं आणि टेप वरच्या वर राहते. आधी खाच भरून घ्या. मग चार-पाच फुटांपुरताच पातळ थर द्या, तीन इंच रुंद. टेपची घडी जोडावर धरून ती दाबा आणि चार इंची पत्रा तिरका धरून मधून बाहेर ओढत जा. टेपखालचं जादा कंपाउंड कडांनी बाहेर येईल, ते पुसून घ्या. सगळंच निपटून काढू नका, टेपखाली पातळ थर राहायला हवा, नाहीतर ती कोरडी पडून सुटते. टेपवर बोट फिरवून बघा. कुठं पोकळ वाटलं तर आत्ताच उचला, खाली कंपाउंड द्या, परत दाबा. वाळल्यावर दिसलेला फुगा मात्र कटरने कापूनच काढावा लागतो, वरून लेप देऊन तो बसत नाही.

पूर्ण वाळू द्या. थंडीत एक दिवस धरा, दमट हवेत दोन. वरून पांढरं दिसलं म्हणजे वाळलं असं नाही, हाताला गार लागत असेल तर आत ओल आहे. दुसरा हात आठ इंच रुंद, तिसरा दहा ते बारा इंच, दर वेळी कडा शून्यावर नेत. बोर्डाच्या लांब कडा मुळात उतरत्या असतात, तिथं टेप खोलगटात बसते आणि काम सहज सपाट होतं. आखूड किंवा कापलेल्या कडांना तो उतार नसतो, टेप वर उठून दिसते. तिथं तिसरा हात दीड फुटापर्यंत पसरवावा लागतो. उंचवटा राहतोच, पण रुंद पसरला की डोळ्याला कळत नाही.

तिसरा हात वाळला की १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, शेवटी २२०. टेपचा कागद उघडा पडला तर थांबा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च सीलिंगला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, पत्र्याचा प्रत्येक ओरखडा सावलीने दिसतो. कडेला एलईडी पट्टी असलेल्या सीलिंगमध्ये हा उजेड रोज रात्री पडणार आहे, म्हणून ही पायरी टाळू नका.

मग सगळ्या छताला प्रायमर, फक्त जोडाला नाही. कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा पितात. प्रायमर सोडला तर भेग नसतानाही जोडाची पट्टी रंगातून दिसत राहते आणि लोकांना वाटतं भेग परत आली. रंग मॅटच घ्या.

कोपऱ्यातली आणि तिरकी भेग

भिंत आणि सीलिंगच्या मधली रेघ पुट्टीने कधीच टिकत नाही, कारण भिंत एकीकडे हलते आणि छत दुसरीकडे. ती खरवडून साफ करा आणि रंग बसणारं ॲक्रिलिक सीलंट बंदुकीने भरून ओल्या बोटाने सारखं करा. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. नवीन काम असेल तर भिंतीलगत बारीक खाच मुद्दाम मोकळी ठेवायला सांगा. ती दिसते छान आणि भेगेचा प्रश्नच उरत नाही.

एलच्या आकाराच्या खोलीत आतल्या कोपऱ्यात बोर्डाचा जोड येऊ देऊ नये. बोर्डच कोपऱ्याभोवती एलसारखा कापून बसवावा. झालेल्या कामात तिरकी भेग परत येत असेल तर दोन भागांमध्ये सरळ रेषेत मोकळा जोड ठेवून त्यावर पट्टी बसवणं हाच उपाय.

डाग, धाबं आणि पत्रा

पिवळ्या डागावर रंग मारायच्या आधी पाणी कुठून येतं ते थांबवा. गच्चीची गळती, एसीचा नळ किंवा वरच्या टाकीचं ओसंडणं, बहुतेक यातलंच एक. गच्चीवर बांध घालून एक-दोन दिवस पाणी साठवून बघितलं की स्लॅबचा दोष कळतो. बोर्डात नख रुतत असेल तर तो तुकडा कापून बदला. नुसता डाग असेल तर पूर्ण वाळवून ऑइल प्रायमरचा हात द्या, मग रंग. पाण्याच्या रंगातून डाग परत वर येतो.

जुन्या धाब्याच्या घरात सीलिंग लाकडी तुळयांना टांगलेलं असतं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आटतं, वर मातीचं ओझं. तिथं आधी तुळयांना वाळवी लागलीय का ते ठोकून बघा. लाकूड ठणठणीत असेल तरच पुढचं काम.

पत्र्याच्या घराला मात्र मी सपाट, जोड भरून एकसंध केलेलं सीलिंग करू नका असंच सांगेन. मे-जूनच्या वादळात पत्रा आणि खालचे अँगल इतके हादरतात की कुठलाच जोड टिकत नाही. तिथं दोन बाय दोन फुटांच्या सुट्या टाइल्सचं ग्रिड सीलिंग करावं. टाइल जाळीत नुसती ठेवलेली असते, जोड भरायचाच नसतो, आणि एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

एक गोष्ट घरच्या घरी करू नका. सीलिंगचा मधला भाग झोळीसारखा खाली आलेला दिसला, किंवा दाबल्यावर बोर्डासकट सेक्शनही हलला, तर स्लॅबमधले खिळे किंवा टांगण्या सुटल्यात. त्या खोलीतून माणसं आणि पाळणा आधी बाहेर काढा, पंखा बंद ठेवा आणि जाणत्या कारागिराला बोलावून बोर्ड उतरवून सांगाडा नव्याने टांगून घ्या.